प्लॅस्टिकचं मशिनिंग: कड वितळते, माप बदलतं, तडा जातो. कारणं आणि उपाय

सातारा एमआयडीसी असो की सांगलीजवळचं कुपवाड आणि मिरज, आपल्या भागातल्या वर्कशॉपचा हात लोखंडावर बसलेला आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर बाहेर पडू लागले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासूनचा. तेव्हापासून टर्नर, फिटर, मशिनिस्ट यांच्या पिढ्या या दोन जिल्ह्यांत लोखंड आणि बीड कापत मोठ्या झाल्या.

आता त्याच मशिनवर प्लॅस्टिकचे जॉब येतात. डेअरीच्या मशिनचं टेफ्लॉनचं सील, कन्व्हेयरखालची पट्टी, नायलॉनचा बुश, डेलरिनचा गिअर, मोबाईलच्या दुकानातला अ‍ॅक्रिलिकचा स्टँड. आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतंच काम सुरू केलेल्या मुलांकडून मला एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते: "एवढं मऊ मटेरियल, मग जॉब रिजेक्ट का होतो?"

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हा प्रश्न बग शोधण्यासारखा वाटतो. लक्षणं दहा दिसतात, पण मूळ कारणं चारच आहेत. ती एकदा समजली की बहुतेक अडचणी तुम्ही स्वतः सोडवू शकता.

मूळ कारणं चार

१. उष्णता अडकते. अ‍ॅल्युमिनियम उष्णता पटकन वाहून नेतं. प्लॅस्टिकची उष्णता वाहून नेण्याची क्षमता त्याच्या काहीशे पट कमी असते. त्यामुळे कापताना तयार झालेली उष्णता जॉबमध्ये पसरत नाही, टूलच्या धारेपाशीच साचते. आणि प्लॅस्टिकला बिघडायला फार उष्णता लागतही नाही. अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं, एचडीपीई १३० च्या आसपास वितळतं, डेलरिन १६५ ते १७५ ला, नायलॉन-६ सुमारे २२० ला.

२. दाबलं की दबतं, सोडलं की परत येतं. बोथट सुरीने टोमॅटो चिरून बघा. आधी दबतो, मग फुटतो. प्लॅस्टिक टूलखाली तसंच दबतं आणि टूल पुढे गेलं की परत वर येतं.

३. तापमान आणि पाणी यांनी माप बदलतं. १०० मिमी लांबीचा स्टीलचा तुकडा २० अंशांनी तापला तर जेमतेम ०.०२४ मिमी वाढतो. तेवढाच डेलरिनचा तुकडा ०.२२ मिमी वाढतो. म्हणजे जवळजवळ नऊ पट. नायलॉन तर हवेतला ओलावाही शोषतं.

४. आत ताण भरलेला असतो. रॉड किंवा शीट तयार होताना बाहेरचा थर आधी थंड होतो, गाभा नंतर. त्यातून आत ओढाताण राहते. तुम्ही एक बाजू कापली की ती मोकळी होते आणि जॉब वाकतो.

आता एकेक अडचण घेऊ.

अडचण १: कड वितळते, चिप टूलला चिकटते

टूल कापण्याऐवजी घासतंय, हे याचं नेहमीचं कारण. आरपीएम जास्त आणि फीड कमी ठेवला की असं होतं. नवीन मुलं घाबरून फीड कमी करतात, त्याने उष्णता आणखी वाढते. प्लॅस्टिकमध्ये उष्णता बाहेर नेणारी मुख्य गोष्ट म्हणजे चिप. चिप जाड निघाली तर ती आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते.

हिशोब सोपा आहे, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो:

फीड = आरपीएम × टूलच्या धारा × चिप लोड

समजा राउटरवर १८,००० आरपीएम, दोन धारांचं एंडमिल आणि मिनिटाला ९०० मिमी फीड आहे. ९०० ला ३६,००० ने भागा. प्रत्येक धार फक्त ०.०२५ मिमी कापते. हे घासणंच झालं. आता एकाच धारेचं टूल घ्या, आरपीएम १२,००० करा, फीड १,२०० करा. चिप लोड ०.१ मिमी झाला, म्हणजे चौपट. वितळलेल्या गोळ्यांऐवजी मोकळ्या चिप उडायला लागतात.

सोबत हे पाहा:

- टूल धारदार आणि शक्यतो नवीन. स्टीलवर वापरलेलं टूल प्लॅस्टिकवर लावू नका. स्टीलला चालणारी धार प्लॅस्टिकला बोथटच असते. प्लॅस्टिकची टूल वेगळ्या डब्यात ठेवा.
- कोटिंग नसलेलं, पॉलिश केलेलं कार्बाइड किंवा नीट धार काढलेलं एचएसएस चांगलं चालतं.
- हवेचा झोत कटवर ठेवा. चिप पुन्हा टूलखाली आली की पुन्हा तापते.
- प्रोग्रॅममध्ये टूल जॉबला टेकून एका जागी थांबत असेल, म्हणजे जी-०४ चा थांबा असेल, तर तो काढा. फिरणारं टूल एका जागी थांबलं की तिथे डाग पडलाच म्हणून समजा.

चिप नीट निघते का हे डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाईल ट्रायपॉडवर लावून स्लो मोशन व्हिडिओ घ्या. चिप तुटक निघतेय की दोरा निघतोय, की टूलभोवती गोळा होतोय, सगळं कळतं. मोबाईल हातात धरून मशिनच्या दारात मात्र वाकायचं नाही.

अडचण २: भोक लहान पडतं किंवा तडकतं

१० मिमीचं ड्रिल मारलं आणि १० मिमीची पिन जाईना, असं झालं तर ड्रिलला दोष देऊ नका. ड्रिल बाहेर आल्यावर दबलेलं प्लॅस्टिक परत आत येतं, शिवाय गरम झालेलं भोक थंड होताना आकसतं. माप महत्त्वाचं असेल तर आधी थोडं लहान ड्रिल मारा, जॉब थंड होऊ द्या, मग बोअरिंग किंवा रीमिंग करा.

खोल भोकात एका दमात खाली जाऊ नका. थोडं खाली, पूर्ण बाहेर, चिप झटकून परत खाली. सीएनसीवर जी-८१ ऐवजी जी-८३ वापरा, तो हेच करतो.

अ‍ॅक्रिलिकचा त्रास वेगळा. साधं धातूचं ड्रिल त्यात स्क्रूसारखं ओढलं जातं आणि बाहेर पडताना खालून तुकडा उडवतं. धारेचा ओढणारा कोन दगडावर घासून सपाट करा, टोक ६० ते ९० अंशांचं ठेवा, खाली लाकडाची किंवा एमडीएफची फळी घट्ट लावा आणि शेवटचे एक-दोन मिमी हळू जा.

आटे पाडायचे असतील तर बारीक पिचपेक्षा मोठा पिच घ्या. स्क्रू वारंवार उघडायचा असेल तर पितळी इन्सर्ट बसवा. मोबाईलच्या आतही प्लॅस्टिकमध्ये बसवलेले छोटे पितळी इन्सर्ट असतात, ते याच कारणासाठी.

अडचण ३: चकमध्ये गोल, बाहेर काढल्यावर वाकडा

तीन जॉच्या चकमध्ये पातळ नायलॉन रिंग लोखंडासारखी आवळली की ती तीन ठिकाणी दबते. त्या दबलेल्या अवस्थेत तुम्ही आतून अगदी गोल बोअर करता. चक सोडला की रिंग मूळ आकारात येते आणि बोअर तिकोनी होतो. मशिन बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, तरी जॉब रिजेक्ट.

उपाय: जॉबच्या व्यासाला बोअर केलेले सॉफ्ट जॉ किंवा कॉलेट वापरा, म्हणजे पकड चहूबाजूंनी पसरते. वाइसमध्ये धरताना हँडलवर पूर्ण वजन टाकू नका. पातळ शीट असेल तर व्हॅक्यूम टेबल किंवा दुहेरी चिकट टेप बरा. लांब, बारीक रॉड टूलपासून दूर पळतो, त्याला टेलस्टॉकचा आधार द्या, पण सेंटर जास्त दाबू नका. नाहीतर रॉड मधून फुगतो.

अडचण ४: सपाट केलेली प्लेट केळ्यासारखी वाकते

हा आतल्या ताणाचा परिणाम. एकाच बाजूने सगळं मटेरियल काढलं की त्या बाजूची ओढ संपते आणि दुसरी बाजू जिंकते.

- दोन्ही बाजूंनी सारखं मटेरियल काढा. थोडं वरून, उलटवून थोडं खालून.
- रफिंगमध्ये सगळीकडे १ मिमीच्या आसपास शिल्लक ठेवा. जॉब सोडून एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी फिनिशिंग घ्या.
- फार काटेकोर जॉब असेल तर ताण काढलेलं म्हणजे अ‍ॅनील केलेलं मटेरियल मागवा.

"एक रात्र कुठून आणू, पार्टी दुपारी न्यायला येणार" असं तुम्ही म्हणाल. पण दुपारी गेलेला जॉब दोन दिवसांनी वाकून परत येण्यापेक्षा ती रात्र स्वस्त पडते.

अडचण ५: माझ्याकडे माप बरोबर, पार्टीकडे चुकीचं

यात भांडणं होतात आणि पेमेंट अडकतं. छोट्या वर्कशॉपला एक लॉट परत येणं म्हणजे महिन्याचं गणित कोलमडणं. म्हणून हा भाग नीट वाचा.

पावसाळ्यात घराचं लाकडी दार फुगून चौकटीला अडकतं. नायलॉनचं तसंच आहे. ढोबळ हिशोब असा: नायलॉनने वजनाच्या १ टक्का पाणी शोषलं की माप सुमारे ०.२ ते ०.३ टक्के वाढतं. ५० मिमीच्या बुशने २ टक्के पाणी घेतलं तर तो ०.२ ते ०.३ मिमी वाढेल. बुशच्या फिटिंगमध्ये हा फरक म्हणजे शाफ्ट जाम.

आपल्या भागात हे जास्त जाणवतं. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटाव, शेजारच्या सांगलीत जत-आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत पाऊस ५०० मिमीच्या आसपासच. मे महिन्याच्या कोरड्या हवेत केलेला बुश जुलैत घाटमाथ्याजवळच्या एखाद्या मशिनमध्ये बसवला, तर त्याचं माप तेच राहील ही अपेक्षाच चुकीची. जाड जॉबमध्ये पाणी आठवडे, कधी महिने घेऊन हळूहळू मुरतं, म्हणून गडबड उशिरा लक्षात येते. तेव्हा ना टर्नर खोटा असतो, ना पार्टी.

काय करायचं?

- नायलॉनच्या बुशमध्ये धातूपेक्षा जास्त मोकळीक ठेवा आणि ती का ठेवली हे पार्टीला आधीच सांगा.
- जॉब पाण्यात किंवा दमट जागी चालणार असेल आणि माप काटेकोर असेल तर डेलरिन सुचवा. ते पाणी फार कमी शोषतं.
- रॉड मोकळ्या शेडमध्ये ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.
- मशिनवरून उतरलेला गरम जॉब लगेच मोजू नका. थंड होऊ द्या.
- तपासणीच्या कागदावर मापासोबत तारीख आणि खोलीचं तापमान लिहा. पुढचा वाद या एका ओळीने मिटतो.

टेफ्लॉनची आणखी एक खोड आहे. सुमारे १९ अंश सेल्सिअसला त्याची आतली रचना बदलते आणि आकारमान साधारण १ टक्क्याने वाढतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी शेडमध्ये तापमान याच्या खाली असतं, दुपारी वर जातं. म्हणजे ५० मिमीची टेफ्लॉन रिंग सकाळी आणि दुपारी मोजली तर ०.१५ मिमीच्या घरात फरक दिसू शकतो. थंडीत टेफ्लॉनचं फायनल माप आणि तपासणी दुपारी, २३ अंशांच्या आसपास ठेवा.

अडचण ६: अ‍ॅक्रिलिकवर दुसऱ्या दिवशी बारीक तडे

ट्रॉफी, नेमप्लेट, स्टँड बनवणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव. संध्याकाळी काचेसारखा दिसणारा जॉब सकाळी कडेला बारीक रेषांनी भरलेला. लेझरने किंवा टूलने कापताना कडेला ताण येतो. त्यावर तुम्ही थिनर किंवा स्पिरिट फिरवलं, किंवा चिकटवण्यासाठी क्लोरोफॉर्म सोडलं, की तो ताण तड्यांच्या रूपात बाहेर पडतो.

पुसायला पाणी आणि सौम्य साबण पुरेसा. चिकटवण्याआधी जॉब तापमान नियंत्रण असलेल्या ओव्हनमध्ये सुमारे ८० अंशांवर काही तास ठेवा आणि ओव्हनमध्येच हळूहळू थंड होऊ द्या, म्हणजे ताण निघून जातो. हे काम घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये करू नका.

पॉलिकार्बोनेटही असंच नाजूक. दगडाने फुटत नाही, पण चुकीच्या रसायनाने तडकतं. या दोन्हींवर लोखंडाचं कूलंट ओतण्याची सवय सोडा. हवा वापरा, फार तर स्वच्छ पाणी.

अडचण ७: फिनिशिंग खराब, कडेला बर

कडेचा बर पॉलिश पेपरने घासत बसलं की पृष्ठभाग गरम होतो आणि बर वितळून पसरतो. धारदार ब्लेड किंवा स्क्रॅपर धरून एका दिशेने हलका हात मारा. घासणं कमी, कापणं जास्त.

हाताच्या कामाचं उत्तम उदाहरण मिरजेतच आहे. मिरजेच्या सितार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सितारीची घोडी पूर्वी हाड, शिंग, हस्तिदंत यांची करत. आता कृत्रिम मटेरियलच्या घोड्याही मिळतात. घोडीचा वरचा पृष्ठभाग किंचित उताराचा करून जवारी काढतात, आणि ती मशिनच्या वेगाने निघत नाही. थोडं घासायचं, तार वाजवून ऐकायचं, पुन्हा थोडं घासायचं. हळू आणि थंड हात, हाच नियम प्लॅस्टिकच्या प्रत्येक फिनिशिंगला लागू आहे.

हातातलं प्लॅस्टिक नक्की कोणतं?

भंगारातून किंवा उरलेल्या मालातून तुकडा आला की अंदाजाने सेटिंग लावू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि पाण्याचं मापपात्र घ्या. वजन ग्रॅममध्ये, आकारमान मिलिलिटरमध्ये, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा:

- पाण्यावर तरंगतं, उत्तर सुमारे ०.९५: एचडीपीई
- सुमारे १.१४: नायलॉन
- १.१८ ते १.२०, पारदर्शक: अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट
- सुमारे १.४१: डेलरिन
- सुमारे २.२, हाताला गुळगुळीत, पांढरं: टेफ्लॉन

जाळून वास घेण्याची जुनी पद्धत वापरू नका. डेलरिन जळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो.

सुरक्षेच्या या गोष्टी टाळू नका

- पीव्हीसी किंवा रेक्झिन लेझर मशिनमध्ये कधीच टाकू नका. निघणारा वायू फुप्फुसांना आणि मशिनला, दोघांनाही खातो.
- टेफ्लॉनची धूळ हाताला असताना बिडी-सिगारेट पेटवू नका. जळत्या टोकाशी ती धूळ तापून विषारी धूर होतो आणि काही तासांनी तापासारखी कणकण येते. हात धुतल्याशिवाय तंबाखूही नको.
- नायलॉन आणि एचडीपीईच्या लांब दोऱ्यासारख्या चिप चकभोवती गुंडाळतात. मशिन पूर्ण थांबवा, मग हुकने काढा. चालत्या मशिनवर हात नको, हातमोजे तर मुळीच नकोत. मोजा अडकला की हात ओढला जातो.
- काच मिसळलेलं नायलॉन कापताना मास्क लावा. त्याला कार्बाइड टूलच लागतं, एचएसएसची धार काही वेळातच जाते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्लॅस्टिकला कूलंट लागतंच का? बऱ्याच कामात हवेचा झोत पुरतो. खोल ड्रिलिंगमध्ये पाणी मिसळलेलं कूलंट नायलॉन, डेलरिनला चालतं. अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेटला नको.

शिकायला कोणतं मटेरियल घ्यावं? डेलरिन. चिप तुटक निघते, माप टिकतं, ओलावा त्रास देत नाही. त्यावर हात बसला की नायलॉनकडे जा आणि टेफ्लॉन शेवटी.

ड्रॉइंगवर लोखंडाचा टॉलरन्स दिला असेल तर? काम घेण्याआधी विचारा. शंभर मिमीच्या प्लॅस्टिकच्या जॉबवर ०.०१ मिमीचा टॉलरन्स खोलीचं तापमान एक अंशाने बदललं तरी हातातून जातो. हा प्रश्न आधी विचारणारा टर्नर पार्टीला जास्त भरवशाचा वाटतो.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. मटेरियल कोणतं, खात्री केली का?
२. टूल नवीन, धारदार, प्लॅस्टिकसाठी वेगळं ठेवलेलं आहे का?
३. चिप लोडचा हिशोब केला का?
४. पकड हलकी आणि पसरलेली आहे का?
५. रफिंगनंतर जॉबला विश्रांती दिली का?
६. जॉब थंड झाल्यावर मोजला का? तारीख, तापमान लिहिलं का?
७. पुसायला, चिकटवायला काय वापरणार, ते या मटेरियलला चालतं का?

सातही उत्तरं "हो" आली की मशिन सुरू करा.